बुडीत मुलूख

लिगोरनं हा खेळ हाम्बुर्गच्या बंदरात घेतला,
शेवटच्या सफरीत, खिशात उरलेल्या चिल्लरीत.
नियमांचं पुस्तक जर्मन.
म्हणजे चोडणात या खेळाचे नियम
लिगोरला आठवतील तेवढेच,
आणि तो हरायला लागला
की त्याला नवे आठवतात.

बाल्कांवात, दोन सोप्यांच्या मधे स्टुलावर पट:
नऊ मुलूख, मधोमध एक झाड, भोवती समुद्र,
समुद्रात स्वतःचं शेपूट चावणारा साप.
देव शिंगांच्या टोपांचे, दाढीत बर्फ.
मे महिना. त्यांचा निळा रंग
आमच्या घामेजल्या बोटांना लागतो.

एक देवी हरवलीय, बहुधा जहाजावरच.
तिच्या जागी उर्वीनं
वारुळाच्या मातीचा खडा ठेवला.
ही हलणार नाही, म्हणाली,
हिच्या मुलखात यायचं तर वाकून.
असला नियम नाही, लिगोर म्हणाला.
म्हणाला, आणि वाकला.

उर्वी भूमापन खात्यात.
दिवसभर एक-चौदाचे उतारे,
मेलेल्यांची नावं, हयातांची भांडणं.
रात्री इथे येते आणि तीन मुलूख घेते
एकही लढाई न करता:
दोन प्यादी इथे, एक तिथे,
कुंपण जसं दरसाल वीतभर सरकतं.

मी लढतो. हरतो.
मेलेली प्यादी काजूबियांच्या वाटीत.

शाणू सगळ्यांत वाईट खेळतो.
अख्खी फौज एकाच मुलखात,
खालच्या कोपऱ्यात, जिथे गुण सर्वांत कमी.
चित्रकारानं तिथे दलदल काढलीय, दोन बगळे,
आणि बहुतेक कंटाळून सोडून दिलंय.
तिथेच का रे?
बरं वाटतं, म्हणतो.
यंदाची मानशीची पावणी त्यानं घेतलीय.
किती बोली लावली
ते बायकोलाही ठाऊक नाही.

साडेदहाला, घड्याळाकडे न बघता, तो उठला.
ओहोटी लागली, जाळं बांधून येतो.
माझी पाळी आली तर थांबा.
विजेरी बांधावरून लहान लहान होत गेली.

आम्ही थांबलो नाही.

सापाचा पत्ता माझ्याकडे तिसऱ्या फेरीपासून होता.
साप शिरेल तो मुलूख बुडतो, प्याद्यांसकट.
दलदलीशी माझं काही वैर नव्हतं.
फक्त शाणू समोर बसलेला नव्हता.

मग वाद. बुडालेल्या मुलखाचे गुण कुणाचे?
उर्वी म्हणाली, पाणी आलं म्हणून नाव जात नाही,
उताऱ्यावर राहतं, मी रोज बघते.
लिगोर म्हणाला, बुडालं ते समुद्राचं.
आणि आपण बसलोय ते कुणाचं? उर्वी म्हणाली,
परशुरामानं एक बाण मारला
आणि समुद्र मागे सरला.
त्यानं कुठे पावती घेतली होती?
लिगोरला यावर नियम आठवेना.
त्यानं उर्राकाची बाटली उजेडाकडे धरून
किती उरलीय ते पाहिलं.
आतून त्याच्या आईचा खोकला आला. आम्ही आवाज कमी केला.

साडेबाराला शाणू परतला.
कमरेपर्यंत चिखल, हातात बादली,
बादलीत सुंगटांची टकटक.
पटाकडे पाहिलं, मग वाटीकडे.
कुणी जिंकलं ते विचारलं नाही.

काजूबियांतून त्यानं आपली पाच प्यादी
एकेक वेचून काढली,
शर्टाच्या कोरड्या टोकाला पुसली
आणि दलदलीत, दोन बगळ्यांच्या मधे,
परत उभी केली.

शाणू, तो मुलूख बुडालाय, मी म्हणालो.

कमरेइतकंच आहे, तो म्हणाला.
आत्ता तिथूनच आलो.

लिगोरनं जर्मन पुस्तक उघडलं,
चष्मा लावला,
आणि ओळींवरून बोट फिरवत
बराच वेळ वाचत राहिला.